थाट आणि सूर

गणेशोत्सव जवळ आला कीं आमच्या घरांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात : माळ्यावरची आरास खालीं काढणें आणि तिच्या खर्चावरून वाद घालणें. यंदाचा वाद मात्र आराशीचा नव्हता. आमच्या वडील बंधूंचा नातू आणि त्याचे चार मित्र यांनीं मिळून एक वाद्यवृंद काढला आहे. येथल्या, म्हणजे सोलापुरांतल्या, एका मंडळानें त्यांस पांचव्या दिवशीं संध्याकाळीं गाण्यास बोलाविलें. येथपर्यंत सर्वांस आनंदच झाला. पुढें चिरंजीवांनीं खर्चाचा अंदाज कागदावर मांडून आणला. त्यांत वाद्यांच्या दुरुस्तीस जेवढी रक्कम होती, तिच्या दुप्पट रक्कम पांच जणांच्या कोटांस आणि रंगीत दिव्यांस लावलेली होती. आमच्याकडे सणासमारंभाचा पैसा सामाईक पेटींतून जातो आणि पेटीची किल्ली दादांपाशीं असते. दादांनीं कागद वाचला, चष्मा काढला, आणि "गाणें ऐकावयाचें असतें, पाहावयाचेंच असेल तर आरसा घेऊन बैस," एवढेंच बोलून ते संध्येस उठले.

मुलगा रडला नाहीं. हल्लींचीं मुलें रडत नाहींत, पुरावा आणतात. रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो मोबाइल घेऊन आमच्या खोलींत आला व म्हणाला, "धाकटे आजोबा, हें आधीं पाहा आणि मग आजोबांची बाजू घ्या." त्यानें दाखविलें तें इंग्लंडांतील 'डुरान डुरान' नांवाच्या मंडळीचें गाणें होतें. निळ्याशार समुद्रावर शिडाची नौका धांवते आहे आणि तिच्यावर रेशमी कोट घातलेले पांच देखणे तरुण उभे आहेत. गाणें 'रिओ', साल 1982. कोट अँटनी प्राइस नांवाच्या नामांकित शिंप्याचे. आमच्या घरच्या मंडळींनीं दारांतूनच डोकावून पाहिलें आणि "पाण्यानें रेशीम खराब होतें हें यांस कोणी सांगितलें नाहीं काय?" अशी शंका काढली.

पुढची हकीकत चिरंजीवांनीं जितकी सांगितली तितकी येथें देतों. बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें गांव. तेथें 1978 सालीं जॉन टेलर आणि निक ऱ्होड्स या दोन मित्रांनीं ही मंडळी काढली. नांव घेतलें तें 'बार्बरेला' नांवाच्या एका चित्रपटांतल्या खलपुरुषाचें ! पुढें आणखी दोघे टेलर येऊन मिळाले. तिघेही टेलर, परंतु एकमेकांचे कोणीच नव्हेत. गांवांतल्या 'रम रनर' या नाचघराच्या मालकांनीं त्यांस आश्रय दिला. दिवसां तालीम करावी आणि रात्रीं त्याच नाचघरांत कोणी दारावर उभें राहावें, कोणी स्वयंपाकघरांत राबावें, कोणी पेले गोळा करावे, अशी त्यांची उमेदवारी झाली. 1980 सालीं नाट्यशास्त्राचा एक विद्यार्थी चित्त्याच्या ठिपक्यांची गुलाबी विजार घालून आणि स्वतःच्या कवितांची वही बगलेंत मारून आला. तो त्यांचा गायक, सायमन ल बॉन. विजार पाहून घेतला कीं वही पाहून, हें आम्हीं विचारलें, चिरंजीव म्हणाले, "दोन्ही."

त्याच्या आधींच्या चार-दोन वर्षांत तिकडच्या तरुणांत फाटके कपडे आणि टांचण्या लावून आरडाओरडा करण्याची रीत पडली होती. तिच्या पाठोपाठ जी नवी लाट आली, 'न्यू वेव्ह' असेंच तिचें नांव, तींतले हे लोक. कारखाने बंद पडत होते, कामें मिळत नव्हतीं. आणि नेमक्या त्याच दिवसांत हीं मुलें ओठांस रंग लावून व झालरीचे सदरे घालून उभीं राहिलीं. 1981 च्या ऑगस्टांत अमेरिकेंत अष्टौप्रहर गाणीं दाखविणारी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि यांचें नशीब उघडलें. 1982 सालीं त्यांनीं सिंहलद्वीपांत जाऊन सिगिरियाच्या पहाडावर आणि पोलोन्नरुवाच्या बुद्धमूर्तींपुढें चित्रण केलें. युवराज्ञी डायना त्यांच्या चाहत्या. 1985 सालीं जेम्स बाँडच्या चित्रपटासाठीं रचलेलें त्यांचें गाणें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें. जाणते टीकाकार मात्र एकच पालुपद आळवीत होते : कपडे आहेत, गाणें नाहीं.

"म्हणजे तुझ्या आजोबांचेंच मत," आम्ही म्हणालों.

"हो, पण 2022 सालीं अमेरिकेंतल्या रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरांत यांचेंच नांव गेलें," चिरंजीवांनीं शेवटचा बाण सोडला.

आम्हीं त्यास उद्यां बोलूं म्हणून झोपावयास पाठविलें. आम्हांस मात्र बराच वेळ झोंप आली नाहीं, कारण ही कथा आपण पूर्वीं ऐकली आहे असें वाटत होतें. ऐकलीच होती, घरांत, आजीच्या तोंडून. पात्रें तेवढीं निराळीं होतीं.

नारायण श्रीपाद राजहंस, जन्म 26 जून 1888, यांस लोकमान्यांनीं बालपणींच 'बालगंधर्व' म्हटलें हें मराठी घरांत कोणास सांगावयास नको. 1905 सालीं ते किर्लोस्कर नाटक मंडळींत आले. 12 मार्च 1911 रोजीं 'मानापमान' प्रथम रंगभूमीवर यावयाचें, त्याच दिवशीं त्यांची तान्ही मुलगी वारली. तरीही प्रयोग झाला आणि भामिनी उभी राहिली. त्याच वर्षीं नानासाहेब जोगळेकर गेले व त्या मंडळीचा आधार तुटला. 1913 सालीं नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी जन्मास आली. तिघे मालक, तिघेही कलावंत. हिशेबाची आवड असलेला त्यांत कोण, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

या मंडळीचा थाट काय वर्णावा ! रंगभूमीवर खोटा कशिदा चालावयाचा नाहीं. शालू खरे, पैठण्या खऱ्या. पडदा वर जाण्यापूर्वींच अत्तराचा घमघमाट प्रेक्षागृहांत पसरे. साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला, म्हणजे एखाद्या दरबारानें हेवा करावा अशी जोडी. 'स्वयंवरा'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, सन 1916. रुक्मिणी जसें लुगडें नेसे, जसा पदर घेई, जसे केस बांधी, तसें दुसऱ्या दिवसापासून घरोघरीं होऊं लागे. पुरुषानें स्त्रीवेष घ्यावा आणि स्त्रियांनीं त्यापासून वेषभूषा शिकावी, यांत आमच्या आजीस कांहींच विपरीत वाटलें नव्हतें. तिनें 'स्वयंवर' पाहिलें आणि आजोबांनीं तिला शालू घेतला. तो उधारीवर घेतला होता, आणि ती उधारी फिटावयास पुरतीं दोन वर्षें लागलीं. आमच्या घरांत उधळेपणाचा दाखला द्यावयाचा झाला कीं अजूनही तोच देतात. दादांच्या मनांत त्या सकाळीं तोच असला पाहिजे.

दादांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. टेंबे थोड्याच वर्षांत निघून गेले, पुढें बोडसही गेले, आणि नारायणराव एकटे धनी उरले. 1920 सालीं 'द्रौपदी' आलें, त्यांत मयसभा उभारावयाची ! ती अशी उभारली कीं पाहणारे थक्क झाले आणि मंडळी कर्जांत बुडाली. बोजा लाखांच्या घरांत गेला. कर्ज फेडण्यासाठीं नाटकें लावावीं आणि नाटकें सजविण्यासाठीं पुन्हां कर्ज काढावें, असें चक्र सुरू झालें. शिवाय बिऱ्हाड केवढें ! नट, वादक, आचारी, गडी, आल्यागेल्याची पंगत. प्रेक्षक म्हणजे अन्नदाते मायबाप. त्यांच्यापुढें हलकें कांहीं ठेवावयाचें नाहीं, हा नारायणरावांचा धर्म. धर्म म्हटला कीं जमाखर्च आलाच नाहीं.

तरीपण कर्जास केवळ शालूच कारण झाले हें आम्हांस पटत नाहीं. 1931 पासून बोलपट आले, आणि ज्या पैशांत पूर्वीं नाटकाची मागची जागा मिळे त्या पैशांत लोक बोलणारा पडदा पाहूं लागले. 1935 सालीं खुद्द नारायणराव प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्यें एकनाथ झाले. पुरुषवेषांतले गंधर्व लोकांस रुचले नाहींत, आणि कॅमेऱ्यापुढें तुकड्यातुकड्यांनीं गाणें त्यांस रुचलें नाहीं. पुन्हां ते रंगभूमीवर परतले. अशा काळांत साध्या वेषाच्या मंडळ्याही बुडाल्याच कीं. त्यांच्या नांवें मात्र कोणी दाखले देत नाहीं.

आतां आजीची दुसरी गोष्ट, जी दादा सांगत नाहींत. तिनें 'एकच प्याला'ही पाहिलें होतें. हें नाटक 1919 चें. लिहिणारे गडकरी त्याचा पहिला प्रयोग पाहण्यापूर्वींच, त्या वर्षीं जानेवारींत, गेले. त्यांतली सिंधू म्हणजे दारुड्या नवऱ्याच्या पायीं दळण दळण्याची पाळी आलेली बाई. अंगावर दागिना नाहीं. लुगडें जाडेंभरडें, ठिगळ लावलेलें. ज्या माणसाच्या शालूंसाठीं गांव लोटत होता, तोच ठिगळ लावून जात्यापुढें बसला, आणि गांव तितकाच लोटला. आजी म्हणे, "रुक्मिणीचा शालू पाहून घरीं आलें तें आरशापुढें उभी राहिलें. सिंधूचें ठिगळ पाहून आलें त्या रात्रीं मात्र डोळ्यास डोळा लागला नाहीं." तिला संगीताचें ज्ञान नव्हतें, हें तिचें बोलणें मात्र आम्ही कोणत्याही टीकाकाराच्या लेखापेक्षां मोलाचें मानतों. जो ठिगळ लावून गाऊं शकतो, त्याचाच शालू शोभतो.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं चिरंजीवांस हें सर्व सांगितलें आणि विचारलें, "तुझ्या त्या मंडळीनें ठिगळ कधीं लावलें?" तो विचारांत पडला, मग त्यानें अर्धवट सोडलेली गोष्ट पुरी केली. 13 जुलै 1985 रोजीं फिलाडेल्फियास, साऱ्या जगापुढें, गायकाचा आवाज ऐन वरच्या सुरांत फाटला. पांचही जण एकत्र वाजविण्याचा तो पुढें बरींच वर्षें शेवटचा प्रसंग ठरला. दोन टेलर निघून गेले, फॅशन बदलली, आणि एके काळचे राजपुत्र हास्यास्पद झाले. पुढें 1993 सालीं त्यांनीं एक संथ, शोकाचें गाणें काढलें : 'ऑर्डिनरी वर्ल्ड'. गायकाचा एक जिवलग मित्र वारला होता, त्याच्या दुःखांतून निघालेलें. ना नौका, ना चित्त्याचे ठिपके. लोक थांबले आणि ऐकूं लागले. तें गाणें आम्हीं त्याच्याकडून ऐकविलें. इंग्रजी गाण्यांत आम्हांस फारशी गति नाहीं, पण सूर खरा लागला आहे एवढें कळलें.

एक फरक तेवढा ध्यानांत ठेवण्याजोगा. त्या पांच जणांच्या मागें आरंभीं तरी नाचघराचे मालक होते. नौकेचें भाडें आणि कोटांची शिलाई कोण, कशांतून देणार हें ठरविणारे दुसरे होते. नारायणरावांचें सर्व एकाच डोक्यावर. गळा त्यांचा, शालू त्यांचे आणि कर्जही त्यांचें. साठी उलटली, देह साथ देईना, तरी 1955 पर्यंत ते स्त्रीवेषांत उभे राहिले. त्यांतला केवढा भाग कलेच्या ओढीचा आणि केवढा पोटाच्या, हा हिशेब कोणीं मांडलाच नाहीं. शासनानें 1964 सालीं पद्मभूषण दिलें. 15 जुलै 1967 रोजीं ते गेले. पुण्यास ज्या नाट्यगृहाची कोनशिला 1962 सालीं त्यांनींच बसविली होती, तें त्यांच्या नांवाचें नाट्यगृह उघडलेलें पाहण्यास ते राहिले नाहींत.

हें सारें बोलणें माजघरांत वहिनींच्या कानांवर जात होतें. त्या उठल्या आणि आजीची पेटी उघडून तो शालू घेऊन आल्या. जर काळवंडली आहे, घड्यांवर रेशीम विरलें आहे. रंग मात्र अजून जाग्यावर. त्यांनीं तो दादांच्या पुढ्यांत ठेवला व विचारलें, "याची उधारी फिटली ना?"

"फिटली कीं, दोन वर्षांत," दादा म्हणाले.

"मग त्याला शंभर वर्षें झालीं. अजून किती बोलावयाचें?"

दादा हंसले, आमच्या घरांत दादा हंसले म्हणजे अर्धें काम झालें. निकाल असा लागला कीं रंगीत दिवे वगळावे. वाद्यांची दुरुस्ती आधीं व्हावी. कोट शिवावेत, परंतु कार्यक्रमांतलीं दोन गाणीं कोट काढून ठेवून, साध्या सदऱ्यांत, एकट्या पेटीच्या साथीवर म्हणावीं. ही शेवटची अट आमची, आणि मुलांस तीच सर्वांत कठीण वाटली. चिरंजीवांच्या धाकट्या बहिणीस, जी वाणिज्य शाखेंत शिकते, खजिनदार नेमलें असून पै-पैचा हिशेब तिनें वहींत लिहावयाचा आहे.

काल सहज ती वही आम्हीं उघडून पाहिली. पहिलीच नोंद अशी होती : "कोट पांच. शिलाई उधार." दादांनीं ती अद्याप पाहिलेली नाहीं.