नव्या गुरुजीच्या पाठीशी कोण?



जून महिन्यात पाड्यावर नवा गुरुजी येतो. डी.एड. झालेलं बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं. जीपवाला घाटाखाली सोडतो, पुढे दोन तास पायी. शाळेची एकच खोली, रात्री तिच्यातच झोपायचं. दुसरे गुरुजी हजेरीपटावर आहेत, पण प्रतिनियुक्तीवर तालुक्याला. पुस्तकात लिहिलंय ‘आई’, पोरं म्हणतात ‘याहा’. गुरुजी बोलतो ते पोरांना कळत नाही, पोरं बोलतात ते गुरुजीला कळत नाही.

त्याचं नाव शिक्षणसेवक. २००० साली सरकारने ही योजना काढली. तीन वर्षं मानधनावर राबायचं, मग पगार सुरू. तेव्हा प्राथमिकला मानधन महिना ३००० रुपये होतं. पुढच्या दहा वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली, मानधन तेवढंच राहिलं. म्हणजे दिवसाला १०० रुपये पडायचे. आपण रोजगार हमीवर खड्डे खोदतो, त्याच्या तेव्हाच्या मजुरीच्या आसपास. तेही वेळेवर निघेल याची खात्री नसायची. आमच्या पाड्यावर एक गुरुजी होता, त्याचं मानधन पाच महिने अडकलं होतं. दुकानदाराची उधारी वाढली म्हणून तो आमच्याच घरी भाकरी खायचा.

तुम्ही म्हणाल, आपण जमिनीसाठी लढणारी माणसं. गुरुजी तर महिना महिना येत नाहीत, त्यांची बाजू आपण कशाला घ्यायची?

म्हणणं खोटं नाही. पण जरा विचार करा. न येणारा गुरुजी पहिल्या दिवसापासून तसा नसतो. पहिल्या वर्षी तो येतो, राहतो, धडपडतो. दिवाळीनंतर आईबापाबरोबर पोरं ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात, पट रिकामा होतो, साहेब येऊन त्यालाच झापतात. विचारायला कुणी नाही, सांगायला कुणी नाही. मग तोही शिकतो, की इथं टिकायचं नाही, खाली सपाटीला बदली मिळवायची. आज एकटा पडलेला गुरुजी उद्याचा गैरहजर गुरुजी होतो. नुकसान आपल्या पोरांचं.

आता शिक्षक संघटनांबद्दल. त्यांची ताकद लहान नाही. १९७७-७८ साली सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षक ५४ दिवस संपावर होते, ही साधी गोष्ट नव्हे. संघटना लागतेच, आपणही संघटनेवरच उभे आहोत. पण आमच्या गुरुजीकडे संघटनेची माणसं आली ती एकदाच, वर्गणीची पावती फाडायला. मानधन अडकलं तेव्हा कुणी पंचायत समितीत गेलं नाही.

आणि अजून एक गोष्ट. वनहक्काचे दावे भरताना म्हाताऱ्या माणसांचे जबाब लेखी लागतात. कायद्याच्या नियमातच तो पुरावा धरलाय. या गुरुजीने शाळा सुटल्यावर कंदिलाच्या उजेडात सात-आठ म्हाताऱ्यांचे जबाब लिहून दिले. कुठूनतरी निरोप आला, यात पडू नको, नोकरी पक्की व्हायची आहे. त्याने संघटनेतल्या एका जुन्या गुरुजींना विचारलं. तेही म्हणाले, पडू नको. पोरगं घाबरलं, लिहिणं थांबवलं. त्या जुन्या गुरुजींनी फक्त एवढं म्हणायला हवं होतं, ‘अरे, कायदा सरकारचाच आहे, तू काही गुन्हा केला नाहीस, आम्ही आहोत.’

एकट्याने डोंगरात शाळा चालत नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणावर गेली. अनुताईंना ताराबाईंसारख्या जाणत्या बाईची सोबत होती, हे विसरू नका.

म्हणून शिक्षक संघटनांना आमचं सांगणं आहे :

१. प्रत्येक नव्या शिक्षणसेवकामागे एक जुना, डोंगरात काम केलेला गुरुजी द्या. त्याने पहिलं वर्षभर महिन्यातून एकदा तरी शाळेत येऊन बसावं. तपासायला नाही, सोबतीला.

२. मानधन अडकलं तर त्याच महिन्यात पंचायत समितीत जा. कमी मानधनाच्या विरोधात अधिवेशनात ठराव करून थांबू नका.

३. पावरी, भिली बोलणाऱ्या आदिवासी गुरुजींना घेऊन नव्यांसाठी बोलीची शिबिरं भरवा. शिक्षण हक्क कायदाही सांगतो, जमेल तिथवर मातृभाषेत शिकवा.

४. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झालाय. जनगणना, निवडणूक, आपत्ती सोडून दुसरं काम गुरुजीला लावता येत नाही. नव्या पोराला हे माहीत नसतं, त्याला सांगा.

५. सोयीच्या बदल्यांची शिफारस करताना मागे किती पाडे गुरुजीविना राहतात ते मोजा.

आणि साथींनो, आपलीही बाजू आहे. गुरुजीला राहायला खोली, जळण, पाणी द्या. त्याला बोली शिकवा, होळीला बोलवा. दाखला काढताना जमातीचं नाव जनरल रजिस्टरमध्ये बरोबर लिहिलंय का ते त्याच्या शेजारी बसून बघा, पुढे जातपडताळणीला तेच रजिस्टर मागतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सभासद पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात. समिती कागदावर ठेवू नका. गुरुजी दांडी मारत असेल तर समितीतून विचारा, आणि काम करत असेल तर साहेबांसमोर त्याच्या बाजूने उभे रहा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने एवढा ठराव घ्यावा : आमच्या नव्या गुरुजीचं मानधन दर महिन्याला मिळालं पाहिजे, आणि त्याच्या जोडीचे गुरुजी तालुक्याहून परत आले पाहिजेत. ठरावाची एक नक्कल पंचायत समितीला द्या, एक शिक्षक संघटनेच्या तालुका अध्यक्षांना. पोच घ्यायला विसरू नका.

— एक कार्यकर्ता