जिंकूनही रिकामे हात

अमेरिकेतले महिला कॉलेज बास्केटबॉल मागे राहिले ते प्रेक्षक नव्हते म्हणून, असे सर्रास सांगितले जाते. पैशाचा हिशेब वेगळेच सांगतो. एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांचा संघ अंतिम सामना सोडून जितके सामने खेळेल तितकी ‘युनिट’ त्याच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या गटाच्या, खात्यात जमा होतात आणि त्यांचे पैसे पुढे सहा वर्षे मिळत राहतात. ही पद्धत १९९१ पासूनची. महिलांच्या विजयाला मात्र २०२५ उजाडेपर्यंत दमडीही नव्हती. १९९८ मध्ये सोळावे मानांकन असलेल्या हार्वर्डच्या मुलींनी अव्वल मानांकित स्टॅनफर्डला त्यांच्याच कोर्टवर ७१-६७ असे हरवले. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू जखमी होत्या हे खरे, पण सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची एनसीएएतली ती पहिलीच वेळ. पुरुषांमध्ये असा विजय थेट २०१८ मध्ये यूएमबीसी या विद्यापीठाच्या संघाने मिळवला आणि त्यांच्या छोट्या कॉन्फरन्सला जादा युनिट मिळाले. हार्वर्डला फक्त शाबासकी. मग कॉन्फरन्सनी मुलींच्या संघांवर खर्च करायचा तो कशाच्या आशेवर?

यावर उत्तर ठरलेले: महिलांचे बहुतेक संघ तोट्यात, वाटायचे काय? पण महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क कधी स्वतंत्रपणे विकलेच नाहीत. डझनावारी इतर स्पर्धांसोबत ते एकगठ्ठा दिले गेले. २०२१ मध्ये याच स्पर्धेसाठी सॅन अँटोनियोत मुलींच्या व्यायामासाठी डंबेल्सचा एकच रॅक ठेवलेला एका खेळाडूच्या व्हिडिओतून जगाने पाहिला. त्यानंतर नेमलेल्या स्वतंत्र चौकशीने २०२५ साली या हक्कांची किंमत वर्षाला ८.१ ते ११.२ कोटी डॉलर असेल असे म्हटले. तरीही २०२४ च्या करारात ४० स्पर्धांचा तोच गठ्ठा राहिला आणि महिला बास्केटबॉलचा वाटा धरला गेला वर्षाला सुमारे साडेसहा कोटी डॉलर. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही सगळी आयोवा विद्यापीठाची खेळाडू केटलिन क्लार्क हिची जादू. २०२४ चा महिलांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८७ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. क्लार्क कॉलेजमधून बाहेर पडली आणि २०२५ मध्ये महिलांचा आकडा ८५ लाखांवर आला. घसरण मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र २०२२ च्या अंतिम सामन्यातही क्लार्क नव्हती आणि तेव्हा प्रेक्षक होते ४८ लाख.

महिलांच्या युनिटसाठी पहिल्या वर्षी दीड कोटी डॉलर ठेवले गेले. पुरुषांच्या स्पर्धेचे प्रक्षेपण वर्षाला सुमारे ११० कोटी आणते. सध्याचे करार २०३२ मध्ये संपतात. तेव्हा तरी एनसीएएने महिलांचे हक्क वेगळे विकायला काढावेत.