लेखनालाही लुकमा हवा

रमजानच्या रात्री तरावीहची नमाज सुरू असते. पुढे इमाम साहेब कुरआन तोंडपाठ म्हणत असतात. मागे पहिल्या सफमध्ये दुसरे हाफिज कान देऊन उभे असतात. इमाम साहेब एखाद्या आयतीत अडखळले, एखादा शब्द सुटला, की मागून लगेच बरोबर शब्द येतो. याला आपल्याकडे ‘लुकमा देणे’ म्हणतात. लुकमा म्हणजे घास. इमाम साहेब तो शब्द उचलतात, आयत पुन्हा नीट म्हणतात आणि पुढे जातात. कोणी हसत नाही, कोणाचा अपमान होत नाही.

आपल्यासारख्या लिहिणाऱ्या माणसाला मात्र लुकमा सहन होत नाही. मी माझेच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एक कथा लिहिली. मुलगा नोकरीसाठी पुण्याला निघालाय, त्याच्या आदल्या रात्रीचे घर. पहिला खर्डा एका बैठकीत झाला. एका दिवाळी अंकाकडे पाठवली, परत आली. मग ती सुधारायला बसलो. सुधारणे म्हणजे शुद्ध करणे, एवढेच मला शाळेपासून माहीत. ‘अम्मी’ची ‘आई’ केली. ‘दस्तरखान अंथरला’ खोडून ‘ताटे मांडली’ केले. दारात निरोप देताना अम्मी म्हणते, ‘अल्लाह के हवाले’. तिथे ‘सुखरूप जा’ आले. भाषा गुळगुळीत झाली. कथेतला जीव गेला, पण ते मला कळले नाही.

कळले ते मुकुंदनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात. अम्मी मेथी निवडत होती, मी सहज वाचून दाखवली. छापील मराठी तिला फारसे वाचता येत नाही, पण ऐकून सगळे समजते. नगरच्या बाजारात चाळीस वर्षे तिने मराठीतच भाव केलाय. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, “अच्छी है. पन ये किसके घर की है रे? अपने घर में ऐसा कौन बोलता?”

हा लुकमा होता. मला राग आला. दोन दिवस वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली तेव्हा दिसले, की मी चुका काढत नव्हतोच. मी घरातली माणसे एकेक करून बाहेर काढत होतो.

लिहायला प्रेरणा लागते आणि दुरुस्तीला फक्त चिकाटी, असे आपण समजतो. मला आता उलटे वाटते. पहिला खर्डा भरात होऊन जातो. पुन्हा त्याच पानाकडे यायला खरी प्रेरणा लागते, आणि ती रोजच्या जगण्यातच पडलेली असते. आमच्या गल्लीतला टेलर सदरा आधी कच्च्या टाक्यावर उभा करतो, अंगावर घालून बघतो, आत थोडे जास्तीचे कापड सोडतो. पक्की शिलाई शेवटी. कच्चा टाका उसवताना त्याला कधी वाईट वाटलेले मी पाहिले नाही. ‘मसुदा’ हा आपला रोजचा मराठी शब्दही हेच सांगतो. तो अरबी ‘मुसव्वदा’वरून आला, म्हणजे काळे केलेले. त्यावरून उतरवलेल्या स्वच्छ प्रतीला ‘मुबय्यजा’ म्हणत, म्हणजे पांढरे केलेले. आधी कागद काळा करायचा, मग तो उजळायचा, ही दोन वेगळी कामे आहेत हे जुन्या लोकांना ठाऊक होते.

याचा सगळ्यात सुंदर धडा आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झालेले मौलाना आझाद इथे कैदेत होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले, हे सगळ्यांना माहीत असते. आझादांनी याच भिंतींआड मित्राला पत्रे लिहिली, जी त्या वेळी टपालात पडलीच नाहीत. त्यांचे पुस्तक ‘गुबार-ए-खातिर’ १९४६ मध्ये आले. त्यात राजकारण कमी, पहाटेचा चहा जास्त. आणि चिमण्या. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आझाद आधी लढले, त्यांना हुसकून पाहिले. त्या हटल्या नाहीत. मग त्यांनी तह केला. तांदळाचे दाणे टाकून स्तब्ध बसू लागले. दाणे दिवसेंदिवस जवळ सरकत गेले आणि चिमण्याही. त्यांनी त्यांना नावेसुद्धा दिली, कोणी कलंदर, कोणी मोती.

मी माझ्या खर्ड्याशी आधी काठी घेऊनच लढत होतो. हे खोड, ते काढ. थांबून ऐकावे, वाक्याला आपणहून जवळ येऊ द्यावे, हे मला त्या चिमण्यांनी शिकवले.

पण माझा मुद्दा एवढ्यावर संपत नाही. मराठीत लिहिणारा मुसलमान दुरुस्तीला बसतो तेव्हा त्याच्या खांद्यावरून कोणीतरी वाकून बघत असते. ‘हा शब्द वाचकाला कळेल का?’ या प्रश्नामागे ‘मी इथला वाटेन का?’ हा प्रश्न लपलेला असतो. मग तो स्वतःलाच खोडतो. याच्या उलट टोकही मी पाहिले आहे. घरात कोणी बोलत नाही असे जड उर्दू शब्द आणि शेर पेरून कथा ‘मुस्लिम’ केली जाते. दोन्ही खोटे. दोन्हीत अम्मी नाही.

आपण इथले आहोत का, हे आता नव्याने सिद्ध करायची गरज नाही. याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. आणि कागद, कलम, शाई, दुरुस्ती हे शब्द मराठी माणूस कोणाला न विचारता वापरतो. दस्तरखानही कळेल. पात्र त्यावर बसून जेवले की अर्थ सांगावा लागत नाही.

म्हणून दुरुस्तीसाठी माझी कसोटी आता एकच. हे वाक्य माझ्या घरात, गल्लीत, एसटीच्या बाकावर कोणी बोलेल का? नसेल, तर ते कितीही शुद्ध असो, बदलायचे. आणि हे एकट्याने ठरवायचे नाही. कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचे. साहित्यिकच हवा असे नाही. भाजी निवडणारी, दुकान बंद करून आलेली, रात्रपाळीला निघालेली व्यक्ती चालेल. फक्त तिने लुकमा दिला की वाद घालायचा नाही. थांबायचे, शब्द उचलायचा, ते वाक्य पुन्हा म्हणायचे.

माझी कथा अजून कुठे पाठवलेली नाही. अम्मी परत अम्मी झाली आहे, दस्तरखान अंथरला गेला आहे. ते दोन शब्द आत आल्यावर चौथा परिच्छेद आपोआप गळून पडला, त्याची गरजच उरली नाही. शेवट मात्र अजून जमत नाही. आज संध्याकाळी पुन्हा वाचून दाखवणार आहे. घरात आज भेंडी आहे, म्हणजे निवांत वेळ मिळेल.