मशिनरीचे कोटेशन कुठे आहे? धाराशिवचा सॉफ्टवेअर उद्योजक आणि बँकेचा रकाना

कळंब तालुक्यातल्या आपल्या एका मुलाने दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवले. फॅट, एसएनएफ, दर, दहा दिवसांचे बिल, पशुखाद्याची कपात, सगळे मोबाईलवर. दूध घातल्याबरोबर शेतकऱ्याला मेसेज जातो. कर्जासाठी मी त्याच्यासोबत एका बँकेत गेले. साहेबांनी फाईल चाळून विचारले, "मशिनरीचे कोटेशन कुठे आहे?" मशिनरी म्हणजे त्याचा जुना लॅपटॉप. साहेब उद्धट नव्हते, हेही सांगायला हवे. त्यांच्या अर्जात सॉफ्टवेअरसाठी रकानाच नव्हता.

२०१६ पासून चाललेल्या स्टँड-अप इंडियात प्रत्येक बँक शाखेने अनुसूचित जाती-जमातीच्या किमान एका आणि किमान एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटी कर्ज द्यायचे होते. मार्च २०२५ मध्ये तिची मुदत संपली. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात पहिल्यांदाच उद्योगात उतरणाऱ्या ५ लाख महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या उद्योजकांसाठी पाच वर्षांत २ कोटींपर्यंतच्या मुदत कर्जाची घोषणा झाली. मर्यादा दुप्पट झाली. पण कर्ज म्हटले की हप्ता आलाच.

सॉफ्टवेअर कंपनीचा खर्च पिठाच्या गिरणीसारखा नसतो. शेड नाही, यंत्र नाही. खर्च असतो पगारांचा, आणि सुरुवातीचे वर्ष-दीड वर्ष घरात एक रुपया न आणता जगण्याचा. ज्याच्या बापाची वीस एकर बागायत आहे त्याला ते वर्ष घरातूनच मिळते, आणि त्याला कोणी अनुदान म्हणत नाही. आपल्याकडे पोरगा इंजिनिअर झाला की त्याच्या पहिल्या पगारावर बहिणीच्या लग्नाचे कर्ज टपून बसलेले असते. म्हणून आपली हुशार मुले हिंजवडीत दुसऱ्याच्या कंपनीसाठी कोड लिहितात. जयंतीच्या स्टेजवरून त्यांना ‘नोकरीच्या मागे लागलेले’ म्हणून टोमणे मारणारी भाषणे मला पटत नाहीत.

फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आपल्याच कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. वतनात राबणारा एक आणि मोबदला ठरवणारा दुसरा. आयटीतला पगार वतनाशी तोलणे चूक ठरेल, पण मालकी कोणाची हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात तेव्हापासूनचा आहे.

हप्ता नसलेला पैसाही आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन’मध्ये अनुसूचित जातींच्या तरुणांच्या नवउद्योगाला तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भागभांडवल मिळू शकते. १९९० च्या दुरुस्तीमुळे आपण त्यात येतो. मात्र शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असेल तर केंद्राच्या नमुन्यातले जातप्रमाणपत्र काढताना दमछाक होते. कंपनी नोंदवण्याआधी हे काम उरका.

खरी गोम पुढे आहे. हा पैसा इन्क्युबेशन केंद्रांच्या वाटेने येतो. आपल्या विद्यापीठात अटल इन्क्युबेशन सेंटर आहे, पण छत्रपती संभाजीनगरला. उमरग्याच्या मुलाचा नुसत्या जाण्यात दिवस मोडतो. विद्यापीठाचे उपकेंद्र मात्र धाराशिवातच आहे. त्या सेंटरच्या लोकांनी महिन्यातून दोन दिवस इथे बसावे, अशी मागणी आपल्या संघटनांनी का करू नये? एरवी निवेदन द्यायला आपण मागे नसतो.

शेजारच्या बीडमधल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय होते. डिझाईन शिकले, ‘डिझाईन टेम्प्लेट’ कंपनी काढली, कोविडच्या काळात गावातून चालवली. ‘शार्क टँक’मध्ये अमन गुप्तांशी १० टक्के हिश्शासाठी १ कोटीचा करार झाला. तो व्हिडिओ आपल्या प्रत्येक ग्रुपवर फिरला. ऑफिस बॉय ते शार्क टँक यांच्या मधली वर्षे त्यात दोन मिनिटांत संपतात.

कळंबच्या मुलाची ती मधली वर्षे चालू आहेत. एका केंद्रावर कामाआधी त्याचे आडनाव विचारले गेले आणि ‘कळवतो’ म्हणून परत पाठवले. तीन महिन्यांनी त्याच केंद्राने बोलावले, कारण शेजारच्या गावातल्या शेतकऱ्यांना मेसेज येतो आणि आपल्याला का नाही, असे तिथले दूधवाले विचारू लागले. आज नऊ केंद्रे दरमहा पाचशे रुपये देतात, म्हणजे साडेचार हजार. बँकेची फाईल अजून तिथेच आहे. दहाव्या केंद्रासाठी परवा तो परंड्याला जाऊन आला. चेअरमन म्हणाले, दिवाळीनंतर या.