भावबंधाची नवी पत्रिका नको

छत्तीस गुणांच्या जोडीला आता ‘अटॅचमेंट स्टाइल’, म्हणजे भावबंधाची तऱ्हा, आली आहे. मोबाइलवर दहा-बारा प्रश्नांची उत्तरे दिली की आपण सुरक्षित, धास्तावलेले की अंतर राखणारे, ते कळते. मग भांडणात ‘तू अंतर राखणाराच’ असा शिक्का नवऱ्यावर बसतो आणि बोलणे तिथेच थांबते. ही संकल्पना मोलाची आहे, म्हणून तिचा हा वापर मला खटकतो.

आईपासून दुरावलेल्या मुलांविषयी मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींनी जे मांडले, ते मानसशास्त्रज्ञ सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर यांनी मोठ्यांच्या प्रेमाला लावून पाहिले. डेन्व्हरच्या एका दैनिकात त्यांनी तीन छोटे परिच्छेद छापले; वाचकांनी आपल्याला लागू पडेल तो निवडायचा. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून थोड्या अधिक वाचकांनी सुरक्षित भावबंधाचे वर्णन निवडले होते. पुढे संशोधकांनी हे कप्पे मागे टाकले. सोडून जाण्याची धास्ती आणि जवळिकीचा संकोच या दोन मोजपट्ट्या आहेत, आणि प्रत्येक जण त्यांवर कुठेतरी कमी-जास्त असतो. प्रश्नावल्या मात्र अजून कप्पेच वाटत आहेत.

धास्ती आणि संकोच जास्त असेल तर संसारातले समाधान सहसा कमी असते, हे खरे. पण २०२० साली समंथा जोएल आणि सहकाऱ्यांनी ४३ अभ्यासांतली अकरा हजारांहून अधिक जोडपी एकत्र तपासली. समाधानातला सुरुवातीचा फरक धास्ती-संकोचासह माणसाच्या स्वतःच्या गुणांवरून सुमारे २१ टक्के उलगडला, तर जोडीदार आपल्याशी किती बांधील वाटतो, आपली कदर होते का, यांसारख्या नात्यातल्या गोष्टींवरून ४५ टक्क्यांपर्यंत. अभ्यासांच्या शेवटी हे आकडे १२ आणि १८वर उतरले. कोणाचे नाते पुढे सुधारेल आणि कोणाचे बिघडेल, याचे भाकीत तर जवळजवळ जमलेच नाही. नात्यातल्या गोष्टींचे वजन पहिलटकरणींच्या एका अमेरिकी अभ्यासातही दिसते: धास्ती जास्त असलेल्या ज्या स्त्रियांना बाळंतपणाआधी नवऱ्याचा आधार कमी वाटत होता, त्यांचे समाधान घसरले. रोजचे उदाहरण घ्या: रात्री साडेआठला बायकोचा तिसरा फोन येतो आणि नवरा तो सायलेंटवर टाकतो. त्याचे तोंड मिटते तशी तिची धास्ती वाढते, आणि तिची धास्ती वाढली की तो आणखी मिटतो. ‘नऊला निघतो, जेवायला थांब’ एवढ्या एका ओळीने हे चक्र त्या रात्रीपुरते तरी तुटते. तिचा स्वभाव तोच राहतो, फक्त तिला उत्तर मिळालेले असते.

हे सारे पाश्चात्त्य, आपल्याकडे दोन घरांचे लग्न लागते, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, पण त्याने शिक्क्याची बाजू आणखी लंगडी होते. नव्या घरात आलेल्या मुलीला पहिले वर्षभर आपले माणूस एकच वाटत असेल, तर तिचे वारंवार विचारणे हा स्वभाव की परिस्थिती, हे प्रश्नावली कसे सांगणार? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: धास्ती नात्यातल्या वागण्याने कमी-जास्त होते म्हटले की बायकांना ‘जरा सांभाळून घे’ म्हणायला नवे निमित्त मिळेल. म्हणून इथे रेघ स्पष्ट ओढली पाहिजे. जिथे हात उगारला जातो, त्या घरातली धास्ती ही धोक्याची खरी जाणीव असते. तिथे नवऱ्याला आधार देऊन ‘सुरक्षित’ करण्याची जबाबदारी बायकोवर नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला त्याच घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि मदतीसाठी संरक्षण अधिकारी नेमले आहेत.