तसबीर कोणाची, आणि पैसा कोणाचा?

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. सादिलवार खर्चाचीं बिलें तपासतांना टांचण्यांच्या डबीची पावती जोडलेली नसली तरी बिल परत जात असे. व तें योग्यच होतें, कारण तो पैसा रयतेच्या करांतून आलेला. जो नियम टांचणीस लागू आहे, तो अधिकाऱ्याच्या तसबिरीस कां नसावा, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत खात्याच्या प्रमुखाचें तैलचित्र सरकारी पैशानें काढवून खात्याच्या भिंतीवर लावण्याचा प्रघात होता. एका चित्रास साधारणपणें वीस ते चाळीस हजार डॉलर पडत. २०१४ पासून तेथील वार्षिक खर्चाच्या मंजुरींतच ह्याविरुद्ध अट घातली गेली, आणि २७ मार्च २०१८ रोजीं कायमचा कायदा झाला. अध्यक्षांपासून साध्या नोकरापर्यंत कोणाचेंहि चित्र मध्यवर्ती सरकारच्या पैशानें रंगवून घेण्यास त्यानें बंदी केली. त्या कायद्याच्या इंग्रजी नांवांतील आद्याक्षरें जुळविलीं म्हणजे ‘ईगो’, म्हणजे अहंकार, हा शब्द होतो. औषधाच्या बाटलीवर रोगाचेंच नांव लिहिलें म्हणावयाचें!

कोणी म्हणतील, चित्रें हा इतिहास आहे, व एवढ्याशा रकमेनें खजिना रिता होत नाहीं. दोन्ही गोष्टी खऱ्या. परंतु बंदी चित्रास नाहीं, सरकारी पैशास आहे. ‘व्हाइट हाउस’मधील अध्यक्षांच्या तसबिरींचा खर्च एक खाजगी इतिहाससंस्था सोसते. ज्यांस प्रेम आहे त्यांनीं वर्गणी करावी. राहिली रकमेची गोष्ट. जो हात स्वतःच्या चेहऱ्यासाठीं तिजोरींत जावयास लाजत नाहीं, तो पुढें कोठें थांबेल?

आपल्याकडे हा रोग भिंतीवरून जाहिरातींत उतरला आहे. सर्वोच्च न्यायालयानें १३ मे २०१५ रोजीं असें ठरविलें कीं, सरकारी जाहिरातींत राष्ट्रपति, पंतप्रधान व सरन्यायाधीश ह्यांखेरीज कोणा पदाधिकाऱ्याचें छायाचित्र नसावें. पण १८ मार्च २०१६ रोजीं फेरविचारांत राज्यपाल, मुख्यमंत्री व संबंधित खात्यांचे मंत्री ह्यांसहि मोकळीक मिळाली. परिणाम आपण पाहतोंच. योजनेच्या फलकावर चेहरे हातभर, आणि अर्जाची शेवटची तारीख बोटभर. मुदत चुकली तर शेतकऱ्याचा अर्ज बाद होतो. चेहरा पाहिला नाहीं म्हणून कोणाचें पीक बुडाल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

कचेरींत होऊन गेलेल्या अधिकाऱ्यांचीं नांवें व कारकीर्दीच्या तारखा लिहिलेला लांकडी फलक असतो. इतिहासास तेवढा पुरे. ज्यानें बांधाचे व पाणंदीचे तंटे निःपक्षपातानें मिटविले, त्याचें नांव गांवकरी तसबिरीवांचून सांगतात. ज्यानें कांहींच केलें नाहीं, त्यास सोनेरी चौकट तारीत नाहीं.

मात्र सरकारास सांगण्यापूर्वीं आपण आपलें घर झाडावें हें बरें. आपल्या सहकारी सोसायट्यांच्या कचेऱ्यांतहि माजी चेअरमन मंडळींच्या तसबिरी टांगलेल्या आढळतात. येत्या वार्षिक सभेंत सभासदांनीं नम्रपणें एवढेंच विचारावें कीं, हा खर्च कोणत्या सदरीं पडला? ‘किरकोळ’ असें उत्तर आलें, तर तें सदर उघडून दाखविण्याचा आग्रह धरावा. तेथें संकोच करण्याचें कारण नाहीं. पैसा आपला आहे.