तलंग की कोंबडा? पाठ बघा, मग बोला

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात म्हैस घेणारा माणूस सहजासहजी फसत नाही. दात बघतो, कास चाचपतो, सड दाबून धार काढायला लावतो, चार पावलं चालवतो, एखादा जाणता पाहुणा बरोबर आणतो आणि मगच भावाचं बोलतो. तोच माणूस परतीच्या वाटेवर डालग्यातली दहा पिल्लं घेतो तेव्हा काही बघत नाही. विकणारा म्हणाला, "सगळ्या तलंगाच आहेत दादा," की झालं, पिल्लं पिशवीत. चार महिन्यांनी पहाटे अंगणात पाच-सहा जण एकदम आरवायला लागतात आणि मग घरात बोलाचाली. यात खरी फसगत घरच्या बाईची होते, कारण आपल्याकडे अंड्याचा पैसा बहुतेक तिच्याच हातातला असतो.

म्हणून घरामागे पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्या सगळ्यांना एवढीच विनंती आहे. विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका आणि पिल्लं तीन महिन्यांची होईपर्यंत कुणाचाही पक्का निकाल लावू नका. निकाल लावायची वेळ आली की तुरा नंतर बघा, आधी पाठ बघा.

आधी समजुतींचं. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून तलंग, असं सांगणारी एक आजी प्रत्येक वाडीत असते. खुडूक कोंबडीखाली निवडून गोल अंडी ठेवणारेही आहेत. त्यांनी अंडी जरूर निवडावीत, तडा गेलेली आणि फार लहान अंडी बाजूला काढावीत. पण आकारावरून नर-मादी ठरत नाही. ते अंडं घातलं जाण्याआधीच ठरलेलं असतं, आणि तेही कोंबडीकडून. पक्ष्यांमध्ये दोन प्रकारची गुणसूत्रं मादीकडे असतात, नराकडे एकाच प्रकारची. माणसात नेमकं उलटं आहे, तिथे मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. तरी बोल सुनेलाच लागतो. असो, तो विषय कोंबड्यांपेक्षा मोठा आहे.

दुसरी समजूत भांडणाची. तीन-चार आठवड्यांची दोन पिल्लं छाती फुगवून एकमेकांसमोर उभी राहिली की "हे दोन्ही कोंबडे" असं आपण म्हणून टाकतो. त्या वयात तलंगाही तशाच भिडतात. धीट तलंग असते तसा भित्रा कोंबडाही असतो.

पाच-सहा आठवड्यांनंतर मात्र अंदाज बांधता येतो. एकाच दिवशी निघालेली पिल्लं शेजारी शेजारी ठेवून बघा. ज्याचा तुरा आधी वाढला, लाल झाला, चोचीखालचे कल्ले दिसायला लागले, पाय जाड आहेत, ते बहुधा नर. नराला शेपटीची पिसंही उशिरा फुटतात. तलंग त्या वयात अंगानं नीटनेटकी दिसते आणि तिचा भाऊ अर्धवट पिसांचा, बोडका. तांबड्या जातीत नराच्या पंखाच्या वरच्या भागावर गडद रंगाचे ठिपके आधी उमटतात, मादीचा रंग सारखा पसरलेला असतो. पण हा सगळा अंदाजच आहे. वेगवेगळ्या दिवशी निघालेली, वेगवेगळ्या जातीची पिल्लं एकत्र असली की हा अंदाज कोलमडतो. असीलचा तुरा दोघांचाही बुटका असतो, त्यावरून लवकर काही कळत नाही. कडकनाथचा तुरा काळसर, तिथे लाली शोधून उपयोग नाही. आणि पाच-सहा महिन्यांची तलंग अंड्यावर आली की तिचाही तुरा बघता बघता लालभडक होतो. तेव्हा तिला कोंबडा समजून कापणारे लोक आहेत. शंका आली तर तिच्या पाठीवर हलका हात दाबा. अंड्यावर आलेली तलंग पंख किंचित पसरून खाली बसते.

आता पाठीचं. दहा ते बारा आठवड्यांचं पिल्लू संध्याकाळी खुराड्यात बसलं की उचला. अंधार पडला की ते शांत असतं, पळापळ होत नाही. डाव्या काखेत धरा, डोकं मागे आणि शेपटी तुमच्या समोर. बॅटरीच्या उजेडात शेपटीच्या अलीकडची, कमरेवरची पिसं बोटानं फाकवा. जुनी, विटलेली पिसं सोडा आणि नव्यानं आलेलं, चमकणारं पीस शोधा. तलंगेचं पीस रुंद असतं आणि त्याचं टोक गोल. नराचं पीस अरुंद, लांब, टोकाला निमुळतं होत गेलेलं, आणि त्याच्या कडा सुट्या सुट्या, जास्त चकाकणाऱ्या. पुढे हीच पिसं शेपटीच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबायला लागतात. मानेवरही असाच फरक पडतो, पण मानेची पिसं दोघांचीही थोडी निमुळती असल्यामुळे नवख्याचा तिथे गोंधळ होतो. उघड्या मानेच्या कोंबड्यांना तर मानेवर पिसंच नसतात, तिथे कमरेशिवाय पर्याय नाही. आपल्याकडच्या गावरान, वनराज, गिरिराज, कडकनाथ, असील या सगळ्यांना ही खूण लागू पडते. पहिल्यांदा बघताना घरातली एक मोठी कोंबडी आणि शेजारचा एक मोठा कोंबडा धरून त्यांची कमरेची पिसं बघून घ्या. एकदा डोळा बसला की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

बाकीच्या खुणा उशिराच्या. शेपटीची वाकडी, लांब पिसं तीन-चार महिन्यांनंतर येतात. पायामागच्या काट्यावर विसंबू नका, म्हाताऱ्या कोंबडीलाही तो येतो.

एक दिवसाच्या पिल्लाचं कळतं का? कळतं, पण तुम्हा-आम्हाला नाही. १९२०च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतला बारीक उंचवटा बघून ओळखायची रीत बसवली, आणि हॅचऱ्यांमध्ये त्यासाठी शिकलेले लोक असतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून घरी हे करू नका, दाबताना पिल्लाचं पोट फुटतं. अंड्याच्या जातीत अशा छाटणीतून बाजूला पडलेली नर पिल्लं जगभर मारली जातात. जर्मनीनं २०२२ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे यात्रेत गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं मुलांना विकतात, ती बहुतेक याच छाटणीतली असतात. त्यातून अंडी देणारी कोंबडी निघेल या आशेवर घेऊ नका. मुलाच्या हट्टासाठीही घेऊ नका असंच मी म्हणेन, कारण आठवडाभरात त्यातली बहुतेक मरतात आणि रडतं ते मूलच.

पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतून आठ-दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर असा गट मिळतो. ज्यांना मिळेल त्यांनी ताब्यात घेतानाच एकेक पक्षी हातात घेऊन मोजावा. शंकेच्या पक्ष्याच्या पायात रंगीत दोरा सैल बांधा, दर आठवड्याला तो ढिला करा आणि बाराव्या आठवड्याला पुन्हा कंबर बघा.

घरी उबवलेल्या पिल्लांत निम्मे नर निघणारच, एखाद्या वेळी बारापैकी आठही निघतील. त्यात कुणाची चूक नाही. नुसती अंडी खायची असतील तर एकही कोंबडा नको, त्याच्याशिवायही कोंबडी अंडी देते. पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरे. जास्त ठेवले की कोंबड्यांच्या पाठीची पिसं ओरबाडून निघतात आणि खाद्य फुकट जातं. आणि ठेवायचा तो एक शेजाऱ्याशी बदलून घ्या, म्हणजे बहीण-भावांची पैदास होणार नाही.

उरलेले विकायचे, पण वेळ साधून. संक्रांतीच्या सुमाराला खुडूक कोंबडी बसवली तर २१ दिवसांनी पिल्लं निघतात, कडक उन्हाळ्याआधी ती सावरतात आणि आखाडात ते नर पाच महिन्यांचे झालेले असतात. तेव्हा गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक घरी चालत येतं. नुसता अंदाजानं भाव सांगू देऊ नका, काट्यावर वजन करा. आणि दीप अमावस्येच्या आत मोकळे व्हा. श्रावण लागला की तोच कोंबडा महिनाभर तुमचाच दाणा खात बसतो.